रांगेतलं कोडं

घाटकोपरला माझं नळ-फिटिंगचं दुकान आहे. कुणाच्या खांद्यावर चढून उभं केलेलं नाही. भाव पाडायला बसलो की समोरचा व्यापारी घाम पुसतो. पण मी पेपरांसाठी शब्दकोडीही रचतो, आणि तिथे घासाघीस करायला जागाच नसते. कोडं पाठवायचं, ‘मिळालं’ एवढा निरोप घ्यायचा आणि गप्प बसायचं. छापून येईतोवर ते दुसऱ्या पेपराला द्यायचं नाही. दिलंत, तर पुन्हा दारात उभं करत नाहीत.

हे कोडं मी मुलुंडच्या ताईसाठी रचलं होतं. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. रविवारच्या पुरवणीतलं कोडं ती पेन्सिलीनं सोडवायची आणि घरात कडक नियम होता, उत्तर कुणी सांगायचं नाही. माझ्या तोंडून निघालंच तर पाठीत धपाटा. आता डॉक्टर म्हणाले होते, तिची आठवण हळूहळू जाईल. म्हणून गावच्या घरातले शब्द घेऊन मी चौकट भरली आणि कोडं त्याच पुरवणीला पाठवलं. फडताळ, वैल, रोवळी. हे शब्द तिच्याजवळ आहेत तोवर कोडं तिच्या हातात पडायला हवं होतं.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. माझ्यामागून पाठवणाऱ्यांची कोडी छापून आली. त्यातली काही तर इतकी पुचाट, की चहा गार व्हायच्या आत सुटावीत. त्याचा राग अजून गेलेला नाही.

शेवटी मी कोड्याची झेरॉक्स पुरवणीच्या आकारात कापून तिच्यापुढे ठेवली. तिनं कागद उलटला.

“मागची बाजू कोरी कशी रे? मला काय येडी समजलास? छापून येऊ दे, मग सोडवीन.”

त्याच दिवशी तिनं भिंतीकडे बोट दाखवलं. “चष्मा बघ ना त्या... त्या दारवाल्या कपाटात.” भिंतीतल्या त्या कपाटाला ती जन्मभर फडताळ म्हणत आली होती. पुढे चहा ठेवताना वैल गेला; गॅसच्या मागच्या शेगडीलाही ती गावच्या चुलीसारखं वैलच म्हणायची. मग तिच्याकडे जायचीच धास्ती वाटायला लागली. गेलो की मी तिच्या बोलण्यात माझे शब्द शोधत बसायचो. एखादा सापडला नाही, तर तो कायमचा गेला की आज नुसता बोलण्यात निघाला नाही, हेही विचारायची हिंमत होत नसे.

पुरवणीच्या संपादकाला फोन लावला.

“अहो साहेब, किती थांबायचं माणसानं?”

“रांग आहे. नंबर आला की लागेल.”

“मग परत द्या माझं कोडं!”

“देतो. उद्या घेऊन जा.”

दुकानात अशी धमकी दिली की समोरचा खाली येतो. इथे मीच खाली आलो. दुसऱ्या पेपरात म्हणजे रांग पुन्हा पहिल्यापासून. दहा मिनिटांनी मीच फोन करून म्हटलं, “राहू द्या साहेब. तोंडातून गेलं.”

थंडी सरता सरता त्यांचाच फोन आला. येत्या रविवारी लागतंय. मी म्हटलं, “दोन शब्द बदलू का?” ते म्हणाले, “आता नाही, पान लागलंय.”

रविवारी सकाळी मी मुलुंडला पोचलो तेव्हा ताई पेन्सिल घेऊन बसली होती. मी सांगितलं नव्हतं कोडं कुणाचं ते. फडताळाची चार घरं रिकामी होती, वैलाची दोन. बाकी बरंच भरलेलं बघून मला जरा धीर आला. मग ती एका ओळीवर अडली.

“तांदूळ धुवायची बांबूची टोपली. तीन अक्षरी.”

तिच्या मागे, ओट्यावरच्या खिळ्याला रोवळी टांगलेली होती. मी तिकडे बघायचं टाळलं. हा तरी येऊ दे, एवढंच मनात चाललं होतं.

“सांग ना रे,” ती म्हणाली.

तिनं मला उत्तर कधीच विचारलं नव्हतं.

“रोवळी,” मी म्हटलं आणि पाठ आखडून बसलो.

धपाटा पडला नाही. तिनं तीन अक्षरं सावकाश, नीट घरांत बसवली आणि कागद माझ्याकडे सरकवला.

“पुढचा?”