आवळून ठेवलेला ब्रेक

आमच्या कुंभारीच्या पाझर तलावावर शुक्रवारी दुपारी दोन माणसं बसायची. एक रज्जाक टेलर, दुसरा बिरप्पा धनगर. गळ टाकायचा रज्जाक. बिरप्पा मेंढरं काठावर सोडून नुसता पाण्याकडं बघत राहायचा. मरळ हवा घ्यायला वर येऊन बुडबुडा सोडून गेली, की तो हळूच बोट दाखवायचा. त्या बोटावाचून रज्जाकला मासा मिळाला नसता.

गळाच्या काठीचं रीळ निवडायला रज्जाकनं सोलापुरातल्या दुकानात अख्खी दुपार घालवली होती. मोठी, चकाकणारी रिळं त्यानं बाजूला सारली. आपल्या हलक्या काठीला शोभेल असं बारकं रीळ उचललं, कानाशी धरून मूठ फिरवली. खरखर नाही, मूठ डुगडुगत नाही, दोरी सारखी गुंडाळली जाते, हे बघूनच घेतलं. घरी आला की ते ओल्या फडक्यानं पुसायचा, दोरी ज्यावरून सरकते त्या इवल्या चाकाला शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब द्यायचा, आणि मासा ओढू लागला की दोरी किती सुटू द्यायची ते ठरवणारा पुढचा ब्रेक सैल करून ठेवायचा. ते रीळ त्यानं कधी कुणाच्या हाती दिलं नाही. बिरप्पाच्याही नाही.

मग खालिद येऊ लागला. ट्रकवाला, मोकळ्या मनाचा माणूस. त्याचं रीळ एवढं दांडगं, की काठीला नारळ बांधल्यासारखं दिसे. पहिल्याच दिवशी त्यानं काठी बिरप्पापुढं धरली.

"टाक की अण्णा. नुसतं बगत काय बसतोस?"

पिकल्या मिशांचा बिरप्पा पोरासारखा हसला. ते हसू बघून रज्जाकच्या काळजात सुई मोडली. त्या दिवसापासून बिरप्पाची घोंगडी खालिदच्या शेजारी पडू लागली, आणि बोटही तिकडंच वळलं.

खालिदचा जन्म माल बांधण्यात गेलेला. सैल राहिलं ते सांडलं, एवढंच त्याला ठाऊक. रिळाचा ब्रेकही तो दात खाऊन आवळायचा आणि तसाच घरी घेऊन जायचा. रज्जाक ते बघत होता. मशीनवर ताण जास्त झाला की धागा तुटतो. आवळून ठेवलेल्या ब्रेकच्या आतल्या चकत्याही दबून एकमेकींना चिकटतात. तो बोलला नाही. तुटू दे, म्हणाला मनात. बिरप्पादेखत त्याची मान खाली जाऊ दे.

मासा लागला तेव्हा खालिदची काठी बिरप्पाच्या हातात होती.

मोठी मरळ होती. पाणी फाटलं. रिळानं दोरी सोडायला हवी होती, ती सोडली नाही. काठी वाकली आणि एकदम सरळ झाली. तुटकी दोरी वाऱ्यावर हलत राहिली.

"माजंच चुकलं आसंल," बिरप्पा म्हणाला.

रज्जाकला ते सोसवलं नाही. "तुजं न्हाय. ब्रेक चिकटलाय. खालिदभाई आवळून ठिवत्यात त्यो."

"तुला कवा कळलं?" बिरप्पानं विचारलं.

"पयल्याच दिशी."

"आन् बोलला न्हाईस."

"न्हाय."

"मास्तर, गिऱ्हाईक आवडलं न्हाय म्हंजी कापडबी वाकडं कापतोस का रं?"

खालिदला हसू फुटलं. "जाऊ द्या अण्णा. मास्तर, आता तुमीच बगा की." आणि त्यानं रीळ रज्जाकच्या मांडीवर ठेवलं.

रज्जाकनं पुढची चकती फिरवून ब्रेक खोलला, आतल्या चकत्या सोडवल्या, पुसल्या, पुन्हा बसवल्या. मूठ फिरवून बघितली. सगळं लोण्यासारखं फिरत होतं. आपल्या रिळापेक्षा चांगलं. त्याचाही त्याला जळफळाट झाला. दोरी हातानं ओढली की सरसर सुटेल, इतपत त्यानं ब्रेक लावला.

"घरी गेल्याव पार सैल करायचा," त्यानं खालिदला बजावलं.

पुढच्या शुक्रवारी बिरप्पाला पुन्हा मरळ लागली. ब्रेक किरकिरत दोरी सोडत गेला, मासा थकला, काठाकडं येऊ लागला.

"खालिदभाई, जाळी आन," बिरप्पानं हाक दिली.

जाळी रज्जाकच्या पायाशी पडली होती. त्यानं ती उचलून खालिदच्या हातात दिली. मग आपल्या जागी येऊन बसला आणि कुणाच्या बोटाची वाट न बघता गळ टाकला, बुडबुडे नव्हते तिकडं.