टोपडं घातलेलं कुत्रं

साहेबाची अकोल्याहून अमरावतीले बदली झाली आन त्याहीचं स्पॅनियल कुत्रं मायाकडं आलं. मी त्याहीच्या घरी रोज पूजेची फुलं टाकाचो, तेवढीच वळख. "तुमचं मोकळं वावर आहे, तठी ते रमन," साहेबाची बाई म्हने. मले वाटलं, भारी जातीचं कुत्रं आयतंच भेटून रायलं, आपली लॉटरी लागली.

बाईनं लय समजावून सांगतलं. जात मायाळू आहे, मानसाच्या मागं मागं फिरते, कोनी ओरडलं त मनाले लावून घेते. कान लांब आहेत, वावरातून आलं की उचलून पाहाचे, फनीनं इचराचे. आन खाता-पिताना हे घालाचं. हे म्हनजे लोकरीचं टोपडं, बारक्या लेकराचं असते तसं. नाही घातलं त कान पान्यात बुडतात. मी मान डोलवली. मान डोलवाले शाळा लागत नाही.

चार रोज टोपडं घातलं. मंग शेजारच्या वावरातला काका मधल्या धुऱ्यावरून ओरडला, "काहून बे, बारसं कधी ठेवलं?" फुलं तोडनाऱ्या बाया फिदीफिदी हासल्या. मले कुत्र्याच्या कानापेक्षा माया इज्जतीची काळजी जास्त. टोपडं खुंटीले टांगलं, ते टांगलंच.

पावसाळा सरला. धुऱ्यावरचं गवत वाळलं, त्याले कुसळं आली. झेंडूची तोडनी चालू होती. मी पुढं, कुत्रं मागं, कानानं सारं वावर झाडत. एका सकाळी मागं वळून पायलं त ते नव्हतं.

वावरातल्याच आमच्या घरी खाटेखाली बसलं होतं, मान एका अंगाले वाकडी. मी डोक्यावर हात फिरवाले गेलो त गुरगुरलं. आजवर कधी गुरगुरलं नव्हतं. मी खाटेवर असा चढलो की खाटेची दोरी तुटली. बायकोनं पान्याचं भगुनं सरकवलं. कुत्र्यानं तोंड खाली नेलं, पान्याले टेकलं न टेकलं तोच कुईं करून मागं सरलं. लाळ त त्याची नेहमीच गळे. त्या दिवशी मले ती येगळीच दिसली.

"पान्याले भेऊन रायलं वं हे," बायको हळूच म्हने.

कुत्रं पान्याले कधी भेते, हे आमच्याकडं लेकरालेही ठाऊक असते. तिनं पोरीले आत घेतलं आन दार लावलं.

काका आला. वाकून पायलं, आन पहिल्यांदाच मजाक केली नाही. घरी जाऊन काठी घेऊन आला, भितीले टेकवली.

"पिसाळलं लेका हे. तू दोरी धर, धुऱ्यापल्याड नेऊ. तुयाच मागं येते ते."

बाया टोपल्या तशाच ठेवून निघून गेल्या. मी दोरी घेऊन वाकलो त कुत्रं गुरगुरलं आन शेपटीही हलवली. डोये मायावरच. मले ते डोये सोसेनात. खुंटीवरचं टोपडं काढलं. म्हटलं, डोयावर ओढून देऊ, म्हनजे त्याले काठी दिसनार नाही आन मले त्याचे डोये.

मी तोंड फिरवूनच घालत होतो, टोपडं डोयापर्यंत गेलंच नाही. वरच अडकलं, कान तेवढे दाबून बसले. मी खाली ओढाले जाऊन रायलो, त कुत्रं हातातून सुटलं, सरळ भगुन्यापाशी गेलं. आन प्यालं. लपालपा, तळ दिसेपर्यंत.

काकानं हातात घेतलेली काठी पुन्हा भितीले टेकवली.

"हे त पिऊन रायलं बे," तो म्हने.

तसंच उचलून अकोल्यात जठारपेठेतल्या जनावराच्या डॉक्टरकडं नेलं. त्यानं चिमट्यानं कानातून कुसळ ओढून काढलं, आत पार रुतलेलं. कान सडून रायला होता. पान्यात बुडला की आग होत होती, म्हनून ते पीत नव्हतं.

"याले टोपडं नव्हतं काय?" डॉक्टरनं इचारलं.

"होतं," बायको मायाकडं पाहून म्हने. "याहीले लाज वाटे."

आता टोपडं मी सगळ्यायसमोर घालतो. काका हासत नाही. त्याची काठी अजून आमच्याच भितीले टेकून आहे. तो नेत नाही, मी म्हनत नाही. संध्याकाळी कुत्रं त्या काठीखालीच झोपते. कान पाहाले मी हात लावला की उठते, शेपटी हलवते, आन माया हाताखाली अंग मात्र ताठ करते.