मॅडमच्या बांधावरची गोगलगाय

वर्षाच्या पहिल्या तासाला मॅडम वर्गात आल्या की हजेरी घेत नसत, स्वतःचं नाव सांगत नसत, फळ्याकडे तर ढुंकूनही बघत नसत. पर्समधून एक काड्यापेटी काढायच्या, तिच्यातली भुईमुगाच्या दाण्याएवढी गोगलगाय टेबलावर ठेवायच्या, बाटलीतल्या पाण्याचे चार थेंब तिच्यावर सोडायच्या आणि गप्प बसायच्या. गोगलगाय झोपलेली असायची. शंखाच्या तोंडाला पांढरट पडदा लावून ती अख्खा उन्हाळा तशीच काढते आणि ओल लागली की जागी होते. पण तिला कसली घाई? वर्गात आधी कुजबुज, मग खिदळणं, मग बसस्टँडवरचा गोंगाट. मॅडम ढिम्म. शेवटी पडदा फाटायचा, बारीक शिंगं बाहेर यायची आणि मॅडम म्हणायच्या, "आली. आता बोलू या."

परभणीच्या आमच्या कॉलेजात त्या प्राणिशास्त्र शिकवायच्या. पोरं त्यांना 'गोगलगाय मॅडम' म्हणायची आणि त्यांना ते पक्कं ठाऊक होतं. खरं तर चालायला त्या इतक्या झपाझप, की त्यांच्या मागून प्रयोगशाळेत पोचेपर्यंत आम्हा पोरींना धाप लागायची. वाघ-हत्तींबद्दल कुणी विचारलं की त्यांचा चेहरा पडायचा. "कणा असलेल्यांचं कौतुक करायला सगळं जग बसलंय," त्या म्हणायच्या. "बिनकण्याचे त्यांच्या कितीतरी आधी आले, आजही त्यांच्यापेक्षा जास्त आहेत, आणि जमिनीचं सगळं राबणं त्यांच्याच गळ्यात आहे. त्यांचं कौतुक आपण करू." मग गांडूळ, गोम, कोळी, खेकडा असे एकेक जण त्यांच्या बोलण्यात यायचे, आणि त्या घरच्या लोकांच्या तब्येतीबद्दल बोलावं तशा बोलायच्या.

टेबलावरची ती गोगलगाय त्यांच्या माहेरची, राणीसावरगावची. वडिलांनी वावरातले दगड वेचून बांधावर रचले होते, त्या दगडांच्या फटीत ती राहायची. रविवारी मॅडम तिला परत काड्यापेटीत घालून एसटीने गावी सोडून यायच्या. "मॅडमची गोगलगाय माहेरी निघाली," असं आम्ही म्हणायचो. त्यावर त्या एकदा म्हणाल्या, "हसा तुम्ही. हिचे पूर्वज समुद्रातून आलेत. कल्ले गेले, फुप्फुस आलं, पण अंगातली ओल हिनं सोडली नाही. मराठवाड्यातल्या उन्हात ओल जपणं काय असतं ते विचारा हिला." ही अंडी जमिनीत घालत नाही, पिल्लं शंखातच वाढवते, हे सांगताना त्यांचा आवाज जरा हळू व्हायचा.

सहलीचं म्हणाल तर त्यांनी आम्हाला येलदरीला नेलं आणि धरण दाखवलंच नाही. धरणाच्या खाली, पूर्णेच्या पात्रात दगड उलटे करायला लावले. प्रत्येक दगडाखाली काहीतरी वळवळत होतं. नियम एकच होता. "उचललेला दगड जसा होता तसाच ठेवायचा. कुणाचं तरी छप्पर आहे ते." परत निघताना एकानं कबूल केलं, की त्याचा एक दगड उलटाच राहिला. गाडी सुरू झाली होती. मॅडमनी ती थांबवली, त्याला घेऊन खाली नदीत उतरल्या आणि दगड सरळ करून आल्या. ड्रायव्हर वैतागून आमच्याकडे बघत होता आणि आम्ही खिडकीबाहेर बघत होतो.

पुढे मी त्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागले. त्याच सुमारास मोठ्या शंखी गोगलगायी आल्या. मूळच्या आफ्रिकेतल्या, माणसांनीच इकडे आणलेल्या. एका पावसाळ्यात सोयाबीनच्या वावरांत त्यांचा नुसता खच पडला. कोवळं रोप वर आलं की सकाळी नुसतं देठ. मॅडमचे धाकटे भाऊ, दत्ताभाऊ, राणीसावरगावची शेती बघायचे. त्यांचा फोन आला, "आक्का, तू गोगलगायींची मॅडम हाईस ना? मग ये हिकडं. समदं वावर खायल्यात."

त्या गेल्या आणि मलाही सोबत घेऊन गेल्या. गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती सरीत अंथरायची, उजाडता उजाडता त्यांच्याखाली जमलेल्या गोगलगायी वेचायच्या, मिठाच्या पाण्यात टाकायच्या. मॅडम पदर खोचून बायकांच्या बरोबरीनं वेचत होत्या. एक म्हातारी म्हणाली, "मॅडम, लय वंगाळ जात हाय ही." मॅडम म्हणाल्या, "जात नाही वंगाळ, काकू. तिला कुणी विचारलं होतं का, येतीस का म्हणून?" पण वेचत राहिल्या. बादलीत फेस येत होता, त्याकडे मात्र त्या बघत नव्हत्या.

वेचून भागेना. दत्ताभाऊंनी दुसऱ्यांदा पेरलं, तेही गेलं. दिवसा मोठ्या गोगलगायी नेमक्या त्या दगडी बांधात जाऊन बसायच्या. शेजारचे शेतकरी चिडले होते. "तुमच्या बांधातून आमच्या वावरात यायल्यात," ते सरळ म्हणायचे, आणि ते खरंच होतं. दत्ताभाऊ म्हणाले, "आक्का, आता दोनच वाटा. एक तर जेसीबी लावून बांध काढतो, न्हाईतर दगडाखाली विषाच्या गोळ्या टाकतो."

"त्या गोळ्यांना मोठी-लहान कळत नाही, दत्ता."

"मला ठावं हाय. पण माझ्या लेकरांनी काय खायाचं, ते तू सांग."

मला तेव्हा दत्ताभाऊंचा राग आला होता. आता येत नाही. ते बहिणीकडे बघू शकत नव्हते, चपलेनं ढेकूळ फोडत उभे होते. मॅडमनी बांधावरचा एक दगड उचलून खाली बघितलं आणि तो जसा होता तसाच ठेवला. मग म्हणाल्या, "जेसीबी नको. गोळ्या आण. मी टाकते."

हातमोजे घालून त्या बांधाच्या एका टोकाला बसल्या. एकेक दगड उचलायच्या, खाली गोळ्या ठेवायच्या आणि दगड जसा होता तसाच परत बसवायच्या. मी मदतीला वाकले तर म्हणाल्या, "तू राहू दे गं. हे माझ्या घरचं आहे." दुपार कलेपर्यंत त्यांचं काम चाललं होतं. त्याआधी दिसल्या तेवढ्या लहान गोगलगायी त्यांनी बांधावरच्या मातीसकट एका बरणीत घेतल्या होत्या. बरणी त्यांनी प्रयोगशाळेत खिडकीशी ठेवली, रोज पाणी शिंपडलं, पालापाचोळा बदलला. तरी त्या तिथं रुजल्या नाहीत. हिवाळ्यात एकेक करून संपल्या.

दत्ताभाऊंचं तिसऱ्यांदा पेरलेलं सोयाबीन मात्र वाचलं. त्यांनी पहिल्या शेंगा मॅडमना पाठवल्या. मॅडमनी त्या उकडून आम्हा सगळ्यांना वाटल्या, स्वतः खाल्ल्या नाहीत.

पुढचं वर्ष त्यांच्या नोकरीचं शेवटचं होतं. उन्हाळ्यात त्या कितीदा तरी राणीसावरगावला जाऊन आल्या. दर वेळी मी एखादी जिवंत सापडली का विचारायचे, त्या नाही म्हणून मान हलवायच्या. रिकामे शंख खूप होते. कॉलेज उघडायच्या तोंडावर मात्र त्या माझ्याकडे जवळजवळ धावत आल्या आणि काड्यापेटी उघडून दाखवली. आत एक गोगलगाय होती आणि तिच्या शंखाच्या तोंडावर पडदा शाबूत होता. एवढा आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर पूर्वी कधी पाहिला नव्हता. मी म्हटलं, "आत्ताच पाणी घालून बघू या का?" त्या म्हणाल्या, "नको. वर्गातच येऊ दे तिला."

पहिल्या तासाला मी मागच्या बाकावर जाऊन बसले. मॅडमनी शंख टेबलावर ठेवला, पाण्याचे थेंब सोडले आणि गप्प बसल्या. कुजबुज झाली, हसणं झालं, गोंगाट झाला. मॅडमनी आणखी थोडं पाणी सोडलं. पडदा भिजला, विरघळून बाजूला झाला. आतून कुणी आलं नाही. हळूहळू गोंगाटही थांबला, पोरांना काय कळलं कोण जाणे. तास संपत आला होता. पुढच्या बाकावरच्या एका मुलीला राहवेना. तिनं उठून शंख उचलला आणि कानाशी धरून हलवला.

"मॅडम," ती खुशीत म्हणाली, "आत कायतरी वाजायलंय!"

"पिल्लं आहेत," मॅडम म्हणाल्या. "मेलेली. हळू ठेव."

मॅडम आता लेकीकडे नाशिकला असतात. फोनवर सगळ्या चौकशा करतात, बांधाचं विचारत नाहीत. पहिला तास आता माझ्याकडे आहे. मी वर्गात जाते, हजेरी घेते आणि लगेच शिकवायला लागते. पोरांना वाटतं, या मॅडम फार घाईच्या. वाट बघावी असं टेबलावर आता काही नसतं.