कणगी आणि रेणू

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी मला एका औषधाच्या रेणूचं पृष्ठफळ काढायचं होतं. गावच्या शाळेत पाठ केलेलं गोलाचं सूत्र मी लावलं. प्रत्येक अणू म्हणजे एक गोल, सगळ्यांची बेरीज. माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "अरे, अणू एकमेकांत रुतलेले असतात. पाण्याचा रेणू बाहेरून जिथवर पोचतो तेवढंच मोजायचं. असं का, ते सेमिनारमध्ये सगळ्यांना पटवून दे."

कॉम्प्युटरनं नवा आकडा दिला, पण दुसऱ्यांना पटवावं इतकं ते मलाच कळलं नव्हतं. रविवारी पारनेरकडच्या आमच्या घरी गेलो. आई धान्य साठवायची तुराट्यांची कणगी शेणानं लिंपत होती. तोंड का पाडलंय, म्हणाली, म्हणून सांगितलं.

"मंग त्यात काय हाय? माजा पंजा जातो तेवढंच लिंपून हुतं, फटी तशाच ऱ्हात्यात. तुज्या बहिनीचा हात बारका, त्यो फटीत बी जातो. तिला शेन जास्त लागतं. कनगी तीच की रं!"

मी बघतच राहिलो. हाताच्या जागी पाण्याचा रेणू ठेवला की झालं. मोजणारा गोळा जितका बारीक, तितकं पृष्ठफळ जास्त.

सेमिनारमध्ये मी हेच सांगितलं. फक्त कणगीची टोपली केली आणि शेणाचा रंग. बाहेरून आलेले परीक्षक खूश झाले. "सुरेख उदाहरण! कुठं मिळालं?"

समोर शहरातली मुलं बसली होती.

"एका इंग्रजी पुस्तकात, सर," मी म्हणालो.

कणगीचंच उदाहरण देणार, हे आईला सांगून गेलो होतो. घरी आल्यावर तिनं पहिलं विचारलं, "माजं नाव सांगितलं का न्हाई?"

"सांगितलं की. साहेब लई खूश झाले."

संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीला कळलं. शेजारच्या काकू दारातूनच ओरडल्या, "काय मास्तरीनबाई, कालिजात कवा जायचं?"

"जाईन की! पन पोरांनी हाताला वास येतो म्हनायचं न्हाई," आई म्हणाली, आणि दोघी हसत सुटल्या. मी ताटात बघत भाकरी मोडत राहिलो.

ज्या बाईनं मला शिकवलं, तिचं नाव घ्यायची मला लाज वाटली, याची लाज आजही जात नाही. खरं सांगायचं धाडस अजून झालेलं नाही.

परवा ती म्हणाली, "त्या सायबाला येकदा जेवायला तरी आन."

त्यांची बदली झाली, असं मी सांगितलं.