उन्हाळी लीगची दुखणी

परीक्षा संपल्या की कॉलेजच्या बास्केटबॉल संघात साथ यायची. वर्षभर घोड्यासारखी पळणारी पोरं, उन्हाळी लीगची तारीख लागली रे लागली की अंथरूण धरायची. कुणाची पाठ आखडायची, कुणाचा घोटा सुजायचा. एकाच्या मावशीचं तर दर उन्हाळ्यात ऑपरेशन व्हायचं. संघाच्या सरांनी त्याला एकदा विचारलंसुद्धा, "अरे, त्या माउलीत आता काढायचं काय शिल्लक राहिलंय?"

सर साधा माणूस. बारा महिने एकच निळी टोपी आणि बोलणं असं की, घरातसुद्धा जणू मैदानाच्या पलीकडच्या बास्केटखाली उभ्या असलेल्या माणसाला हाक मारताहेत. त्यांनी एकही उन्हाळी लीग चुकवली नव्हती. लग्नाची तारीखसुद्धा उपांत्य फेरी टाळून धरली होती. बायको ही गोष्ट पाहुण्यांना अजून ऐकवते आणि ती ऐकवताना सरांकडे बघत नाही.

यंदा मात्र पाणी डोक्यावरून गेलं. मावशीवाला गेला, पाठवाले गेले, हाताशी उरले चार. पाचवा जिराफ, संघातला सगळ्यांत उंच आणि सरांचा सगळ्यांत लाडका. लीगचा नियम कडक होता, जो संघ एका उन्हाळ्यात उतरला नाही त्याची जागा दुसऱ्याला. आणि नेमका जिराफाचा निरोप आला की गुडघा कामातून गेला.

सर तडक त्याच्या घरी. गुडघ्याला ही मोठी पट्टी बांधून स्वारी खाटेवर आडवी होती. पाय खाटेच्या बाहेर, खाली टेकवायला स्टूल.

"फार दुखतं का रे?"

"बोलता येत नाही, सर," जिराफ म्हणाला आणि पुढे बराच वेळ बोलला.

सरांचा जीव विरघळला. म्हणाले, "पड बाबा. लीग गेली खड्ड्यात." ते निघाले, तसा पोरगा लंगडत लंगडत गल्लीच्या तोंडापर्यंत पोचवायला आला. तिथे सायकलवाल्याच्या दुकानाची पाटी टांगलेली होती. आता, उंचावर काही दिसलं की उडी मारून हात लावायचाच, ही बास्केटबॉलवाल्यांची जित्याची खोड. चौकट असो, फांदी असो, पाटी असो. जिराफ बोलता बोलता उडाला, पाटीवर टपली मारली आणि दुखऱ्या पायावर अलगद उतरला.

पाटी हलत राहिली. सायकलवाला म्हणाला, "वा."

पितळ उघडं पडल्यावर पोरगा लंगडायचंसुद्धा विसरला. सर ओरडणार होते, पण त्याचा चेहरा बघून थांबले.

"सर, सातवीपासून मला एक सुट्टी मिळालेली नाही," तो म्हणाला. "आधी शाळा, मग शिबिर, मग लीग. आताशा बॉल हातात घेतला की कधी एकदा खाली ठेवतो असं होतं. यंदा खेळलो ना, तर पुढे खेळेन असं वाटत नाही."

इकडे आड, तिकडे विहीर. लीगला ओढावं तर पोरगा कायमचा जायचा, सोडावं तर संघाची जागा. सर घरी आले ते न जेवता बसले. बायकोने विचारलं, "कुणाचा गुडघा?" सर म्हणाले, "माझाच समज."

सकाळी ते लीगच्या चिटणीसाकडे गेले. चिटणीस म्हणजे त्यांचा कॉलेजातला दोस्त, पेशाने घड्याळजी. डोळ्याला भिंग लावून कुणाच्या तरी घड्याळाच्या पोटात डोकावत बसला होता. सरांनी मान खाली घालून एका दमात सांगून टाकलं, "यंदा आमचा संघ येत नाही. जागा द्यायची त्याला दे."

चिटणीसाने भिंग काढलं. "कुणाला देऊ? बाकीचे सगळे सर कालच येऊन गेले. एकाचाही संघ पुरा नाही. तूच तेवढा राहिला होतास."

"मग लीग रद्द का नाही केलीस?"

"तुझ्या तोंडाकडे बघून. मला तर तीन-चार वर्षं झाली कंटाळा येऊन. पण म्हटलं, लीग बंद केली तर हा गडी हाय खाईल."

सर त्याच्याकडे बघतच राहिले. गेल्या उन्हाळ्यात त्यांनासुद्धा डोंगरावर मेव्हण्याकडे जायचं होतं. दोस्त एकटा पडेल म्हणून ते गेले नव्हते. हे सांगितल्यावर दोघेही इतके हसले की घड्याळ घ्यायला आलेलं गिऱ्हाईक दारातूनच परत गेलं.

दुपारी सरांनी जिराफाला फोन केला. "लीग रद्द. झोप आता उन्हाळाभर."

पलीकडे जिराफाने ही बातमी लगेच कुणाला तरी सांगितली. मागे चार-पाच पोरांची कुजबुज ऐकू आली. त्यात मावशीवाल्याचा आवाज सरांनी बरोबर ओळखला.

"सर, म्हणजे मैदान रिकामं असणार?"

"असणार."

"मग आम्ही संध्याकाळी जाऊ का? असंच, आपलं आपलं खेळायला?"

सरांचा हात टोपीकडे गेला. "अरे, जा की. मी पण येतो."

"नको सर," जिराफ अगदी मायेने म्हणाला. "तुम्ही आराम करा."

सरांना वाईट वाटलं आणि आनंदही झाला. दोन्हींतलं जास्त काय, ते त्यांनी बायकोलासुद्धा सांगितलं नाही.