एल्कसाठी सोवळ्यातली धाबळी

सासऱ्याशी वैर धरायला माणसाला एखादा जमिनीचा तुकडा लागतो, नाहीतर दागिना. शारजाच्या सत्यजितला अमेरिकेतलं एक जनावर पुरलं.

एल्क त्याचं नाव. आपल्या सांबराचा थोरला भाऊ समजा, घोड्याएवढा. सत्यजितचं ॲल्युमिनियमच्या खिडक्यांचं वर्कशॉप. वॉल्टर नावाच्या अमेरिकन इंजिनियरच्या साइटवर खिडक्या बसवता बसवता दोस्ती जमली, आणि तीन वर्षं दर शुक्रवारी वॉल्टरने त्याला वाळवंटात धनुष्य ओढायला शिकवलं. बोटांची सालं निघाली, खांदा सुजला, पण गडी हटला नाही. सत्त्याण्णवच्या सप्टेंबरात वॉल्टर पुढे कोलोरॅडोला गेला. जाताना म्हणाला, "तूही ये. पण बाणाने मारायचं तर जनावर वीस पावलांवर यायला हवं. साबणा-अत्तराचा वास आला की ते पळालंच. वास घेऊन आलास तर आठवडाभर तंबूत भांडी घासशील."

झालं! सत्यजितने तेल सोडलं, पावडर सोडली, कांदासुद्धा सोडला. शिकारीचे कपडे खायच्या सोड्यात धुतले, शहराबाहेर एका झाडावर आठ दिवस वाळवले आणि प्लॅस्टिकमध्ये बांधून ट्रंकेत ठेवले.

नेमके त्याच वेळी बायकोचे, कुमुदचे, वडील अण्णासाहेब व्हिजिटवर आलेले. कडक सोवळ्याचे. पहिल्याच पंगतीला म्हणाले, "जावईबापू, आमच्या घराण्यात डासही फडक्याने हाकलतात."

"मग घराण्याला मलेरिया लखलाभ!"

"अहो, वडील आहेत माझे!" कुमुदने पळी आपटली.

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. निरोप पोचवायला दहा वर्षांची लेक इशिता. ती यायची, सांगायची, "बाबा, आजोबा सेज यू आर अ कसाई." सत्यजित म्हणायचा, "सांग त्यांना, कसाई भाडं भरतो."

निघायच्या दिवशी सत्यजित दुपारी घरी आला, तर जिन्यातच उदाचा घमघमाट. हॉलमध्ये ट्रंक उघडी, कपडे स्टँडवर पसरलेले, खाली निखाऱ्यांचं धुपाटणं, आणि वर्कशॉपमधला काच कापणारा कमरुद्दीन गाल फुगवून फुंकतोय!

"साब, अण्णासाब बोले, साब सफर पे जा रहे, इज्जत से भेजना. मैं घर का सबसे अच्छा ऊद लाया."

त्या बिचाऱ्याला काय बोलणार? आखातात पाहुण्याचे कपडे धुपवायचे म्हणजे मोठा मान. सत्यजितने दातओठ खात "शुक्रिया" म्हटलं, चहा पाजला, वाटेला लावलं.

त्या पंगतीनंतर खुर्चीतून अण्णासाहेब प्रथमच थेट बोलले. "इथली रीत आहे म्हणे. आम्ही आपला जावयाचा मान केला."

"इट्स लाइक अ परफ्यूम शॉप," इशिता नाक दाबून म्हणाली.

विमानाला सहा तास. आठ दिवस वाळवायला वेळ कुठला? नवे घ्यावेत तर त्यांना दुकानाचा वास. सत्यजित बाल्कनीत गेला, आणि तिथे वेगळ्या दोरीवर अण्णासाहेबांच्या दोन धाबळ्या. शुद्ध लोकरीच्या, पूजेला आणि जेवायला नेसायच्या. साबण नाही, अत्तर नाही, दुसऱ्या माणसाचा हात नाही. वास आलाच तर मेंढीचा!

"खबरदार! सोवळ्यातली आहे ती!"

"म्हणूनच हवी." सत्यजितने दोन्ही ओढल्या. "एक कमरेला, एक अंगावर."

"अरे चांडाळा! मी पूजा कशात करू? जेवू कशात?"

"ते एल्कला विचारतो."

अण्णासाहेब दारात आडवे झाले. "कुमुद, सांग याला! धाबळी परत ठेवल्याशिवाय मी अन्नाला शिवणार नाही!"

आता सगळे कुमुदकडे बघायला लागले. ती दोघांवर सारखीच फणफणली. "अण्णा, तुम्ही त्यांचे कपडे बाटवलेत, त्यांनी तुमचे. जेवायचं तर जेवा, नाहीतर खलास, विषय संपला. मी पुन्हा पान वाढणार नाही. आणि तुम्ही हो, त्या जनावराचा एक तुकडा जरी घरात आणलात, तर वर्कशॉपमध्येच झोपायचं!"

अण्णासाहेब बाजूला झाले. लेकीचा आवाज त्यांनी ओळखला. सत्यजितने धाबळ्या नव्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळल्या, धनुष्याची पेटी उचलली आणि जिना उतरला. 'पोचल्यावर फोन करा' असं कुणी म्हटलं नाही.

टॅक्सीत पेटी ठेवतोय तोच वरून आवाज आला, "सोवळं मोडलंस रे, मेल्या!" बिल्डिंगच्या सगळ्या खिडक्या उघडल्या.

सत्यजितने मान वर केली. महिन्याभरात पहिल्यांदाच हसला.

"अण्णा, तुमच्याआधी तुमची धाबळी अमेरिका बघणार!"

वर खिडकी धाडकन आपटली.