बायकांनी झेललेलं नाव

ओल्या हळदीच्या वासात थोडा मातीचा वास असतो, आणि भिवंडीजवळच्या आमच्या पूर्णा गावात हल्ली त्यात डिझेलचाही असतो. फाल्गुनातलं ऊन कलत होतं, गोदामांच्या पत्र्यांवरून परतणारा उजेड मांडवात तिरपा शिरत होता, पाठीमागच्या उरल्यासुरल्या आंब्यांच्या मोहोराचा आंबूस गंध वाऱ्याबरोबर येऊन जात होता, आणि या सगळ्या मंगल पसाऱ्यात बसून मी मात्र रागाने धुमसत होते. आजही त्या संध्याकाळची आठवण निघाली की मोहोराच्या आधी मला तो रागच आठवतो.

हिराकाकी माझी चुलती, आणि आमच्या पंचक्रोशीतली धवलारीण. आमच्याकडची लग्नं धवलारणीच्या गाण्याने लागतात. ती गाऊन देवांना बोलावते, गावदेवीला, वेशीवरच्या मारुतीला, आणि मग आमच्या घरच्या रीतीप्रमाणे घरातल्या गेलेल्या माणसांना, एकेकाचं नाव घेऊन. ती ओळ म्हणते आणि थांबते. मागे बसलेल्या बायका ती ओळ उचलतात. याला झेलणं म्हणतात. झेलली न गेलेली ओळ नुसती हवेत जाते, पण बायकांनी एकदा झेलली की आवतण पोहोचलं, मग ते कुणाच्या बापाला मागे घेता येत नाही. ज्याचं नाव घेतलं त्याच्यासाठी मांडवाच्या कोपऱ्यात केळीचं पान मांडायचं, कारण बोलावलेल्याला उपाशी परतवायचं नसतं. लहानपणी त्या पानांच्या रांगेजवळून जाताना मी फ्रॉक आवरून चालत असे, कुणाला धक्का लागू नये म्हणून.

गेल्या वर्षी काकीच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. उरली ती सुपात तांदूळ घोळवावेत तशी एक खरखर. पण सायलीचं, तिच्या सख्ख्या नातीचं, लग्न ठरल्यापासून म्हातारी रोज पहाटे परसात बसून गळा घासत होती. मी भेटायला गेले तेव्हा माझा हात धरून म्हणाली होती, “बाय, या लग्नान मीच गानार. फाटका तं फाटका.” त्या पोरीला आपल्या आवाजाने सासरी धाडायचं, एवढी एकच गोष्ट तिला आता आयुष्याकडून हवी होती, आणि ती घरातल्या प्रत्येकाला माहीत होती.

हळदीच्या दिवशी सकाळी मी कॉलेजात तास घेत होते. भिवंडीत भौतिकशास्त्र शिकवायचं म्हणजे मागच्या गल्लीतल्या लूमच्या खडखडाटावर आवाज चढवून शिकवायचं. विषय होता क्वांटम संगणक, आणि त्याच्या मुळाशी असलेला तो विलक्षण नियम, की एखाद्या अज्ञात पुंजस्थितीची, म्हणजे कणाच्या क्वांटम अवस्थेची, हुबेहूब प्रत काढताच येत नाही. सृष्टीच्या अगदी तळाशी, जिथे पदार्थ आणि प्रकाश यांचे कण आपापला खेळ खेळतात, तिथे नक्कल निषिद्ध आहे, हे सांगताना मला दर वर्षी एक आस्तिक समाधान वाटतं. एका मुलीने विचारलं, “मग मॅडम, एआय सगळ्यांचे आवाज कसे काय बनवतंय?” मी तिला समजावलं की हा नियम सूक्ष्म कणांचा, माणसाचा आवाज ही स्थूल गोष्ट, हवेतल्या लहरी, त्यांची प्रत कितीही वेळा निघते. उत्तर बिनचूक होतं. संध्याकाळी ते माझ्याच घशात अडकायचं होतं.

कंटेनरच्या रांगेत नेहमीप्रमाणे अडकून मी मांडवात पोहोचले तेव्हा काकीला व्यासपीठावर, मखमली खुर्चीत बसवलं होतं. अंगावर शाल, हातात नारळ. मी आधी खूश झाले. मग हर्षलने माईक हातात घेतला. हर्षल म्हणजे सायलीचा भाऊ, काकीचा लाडका नातू. साउंड सिस्टिमचा धंदा करतो, मनाने वाईट नाही. तो म्हणाला, “आजीला डॉक्टरांनी ताण घेऊ नको सांगितलंय. म्हणून आपण आजीचाच आवाज एआयवर बनवलाय. जुन्या लग्नांच्या व्हिडिओंवरून. एकदम सेम टू सेम!” टाळ्या पडल्या. काकीने काहीतरी सांगायला हात वर केला. लोकांना वाटलं, आशीर्वाद देतेय.

आणि तो आवाज सुरू झाला. काकीच्या चाळिशीतला, भरदार, मी लग्न होऊन या घरातून निघाले तेव्हा ज्याने माझ्या आईला रडवलं होतं तोच. माझ्या अंगावर काटा आला, आणि लगेच त्या काट्याचाच संताप आला. जिवंत बाई समोर बसली आहे, तिच्या छातीत श्वास आहे, ओठांवर ओळी आहेत, आणि तुम्ही तिला शालीत गुंडाळून तिच्याच आवाजाने गप्प करता? हे कसलं पुढे जाणं? माझ्याच शास्त्राच्या भावंडांनी हे यंत्र घडवलं, बुद्धी या शब्दाला इतकं स्वस्त केलं, आणि माणसाकडे असलेलं काहीही आधी शोषायचं आणि मग त्यालाच भेट म्हणून परत द्यायचं, याला हे लोक माया म्हणतात! शालीखाली काकीची बोटं नारळाच्या शेंडीत रुतली होती. तो स्पीकर उचलून खाडीत फेकावा असं मला वाटत होतं.

यंत्राला थांबणंही येत नव्हतं. ओळ संपली की लगेच पुढची; बायका धापा टाकत मागून ओढल्या जात होत्या. देव झाले, गावदेवी झाली, घरची माणसं सुरू झाली. आजोबा, आजी, माझे वडील, काकीचा नवरा. हर्षलने नावं पुरवली होती, पण गाणं रचण्याचं कामही त्या यंत्रावरच सोपवलं होतं, आणि लय भरायला त्याला एक नाव कमी पडलं असावं. काकीच्या त्या सुरेल आवाजात ते म्हणालं, गोमाजीबाबा या, आणि बायकांनी घाईघाईत, सवयीने, ते झेललं.

खुर्चीतली काकी उठून उभी राहिली. नारळ घरंगळत खाली गेला. तिचे ओठ हलत होते, ऐकू काही येत नव्हतं. मी साउंडच्या टेबलापाशी गेले आणि बटणं न शोधता सरळ वायर उपटली.

“आत्या, काय केलंस हे?” हर्षल ओरडला.

“आधी तिचं ऐक,” मी म्हणाले. 

काकीने विचारलं, “गोमाजी कोन?”

आमच्या घरात, भावकीत, अख्ख्या आळीत या नावाचा माणूस कधी झालाच नव्हता. हर्षल चाचरत म्हणाला, “आजी, ते एआयनी आपल्या मनानी टाकलं असेल. चुकून. डिलीट करतो मी.”

“आता काय डिलीट करतंस? बायकांनी झेललाय त्यो.” ती खरखर सगळ्या मांडवात ऐकू गेली, कारण स्पीकर आता बंद होता. “बोलावलाय, तं आयला आसल. दाराशी उभा आसल. पान मांडा त्याचा.”

पान मांडलं. आजोबांच्या, वडिलांच्या, काकांच्या पानाशेजारी, जो कधी जन्मला नाही आणि म्हणून मेलाही नाही अशा एका माणसाचं पान. भात वाढला, वडे वाढले. काकी शाल टाकून त्या पानासमोर जमिनीवर बसली आणि गाऊ लागली. बाकीच्यांना बसवायला तिच्याकडे ओळी होत्या, कुणाचा मुलगा, कुणाचा बाप, कुठल्या शेताचा धनी. याला काहीच नव्हतं. म्हणून तिने तिथल्या तिथे जोडलं, की तुला घर नाही, गोत नाही, कुणी रडलं नाही, तरी आला आहेस तर बस, माझी नात उद्या जाते आहे, तिला बघून जा. सायली हळदीच्या अंगाने पुढे आली आणि पानाच्या पलीकडे बसली. अखेर आजीचा आवाज तिला मिळाला होता, पण तो मिळायला एका यंत्राला चुकावं लागलं, या विचाराने माझा राग निवण्याऐवजी अधिकच पेटला.

तिसऱ्या कडव्याला काकीचा गळा फाटला. बायका जवळ सरकल्या, ऐकायला वाकल्या. बाहेर कंटेनर जात होते आणि पिवळा उजेड पानांवरून निघत चालला होता. तेवढ्यात मी पाहिलं, हर्षलचे डोळे भरून आले होते आणि त्याचा हात रेकॉर्ड करायला खिशातला फोन काढत होता. माझ्या तोंडात शिवी आली. ती बाहेर पडली नाही, कारण त्याच क्षणी मला जाणवलं की माझाही हात पर्समध्ये आहे, आणि बोटांखाली फोनची गुळगुळीत काच आहे.

काकी ओळ म्हणून थांबली होती. ती माझ्याकडे बघत होती, आणि ओळ अजून कुणी झेलली नव्हती.